बरं झाल्याचा साबण

मोमोसे किसयोबाईंच्या हातपिशवीत तीन वस्तू कायम असायच्या: रुमाल, जवळचा चष्मा आणि मीठ मोजायचं यंत्र. पहिल्या दोन कुठल्याही म्हातारीच्या पिशवीत सापडतील. तिसरी फक्त नागानोच्या डोंगरातल्या बाईकडे सापडणार, आणि तिथेही जिला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरायला आमंत्रण लागत नाही अशाच बाईकडे.

त्यांच्या गावचा रिवाजच तसा होता. आळीतल्या प्रत्येक घरच्या बाईवर पाळीपाळीने दोन वर्षं आरोग्यसेविकेचं काम यायचं. पगार शून्य. घरोघर जायचं, रक्तदाब बघायचा, मिसोच्या म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या कढणात मीठ किती पडलंय ते मोजायचं आणि घरच्या बाईला चार शब्द सुनावून यायचं. बाकीच्या बायका दोन वर्षं कशीबशी रेटायच्या आणि नोंदवही शेजारणीच्या गळ्यात मारून मोकळ्या व्हायच्या. किसयोबाईंनी पंचेचाळिसाव्या वर्षी वही हातात घेतली ती ऐंशी उलटली तरी खाली ठेवली नाही. त्या कोपऱ्यावर दिसल्या की अख्खी आळी लोणच्याची पिंपं झाकायला धावायची. बाईंना त्याचा कोण अभिमान! आणि का नसावा? म्हाताऱ्यांच्या औषधपाण्यावर कुठल्या प्रांतात किती खर्च होतो, याचा तक्ता सरकार दरवर्षी काढतं. त्यात नागानो सगळ्यात तळाला. तळाला असल्याचा एवढा तोरा मिरवणारी माणसं मी तरी दुसरीकडे पाहिली नाहीत.

तक्त्याच्या वरच्या टोकाला, पहिल्या चार-पाच नावांत, दक्षिणेकडचं कोची; केरळातलं नव्हे, जपानातलंच. आणि नेमकं तिथेच बाईंच्या एकुलत्या एका मुलाने, यासुहिकोने, संसार थाटला होता. तो तिथल्या सरकारी रस्तेखात्यात कारकून होता आणि बायकोही तिथलीच केली होती. बाई शेजारणींना सांगायच्या, "पोरगं शिकलं भरपूर, पण नकाशा बघायचा राहिला."

नागानोत ऑलिंपिक भरलं त्याच्या आदल्या हिवाळ्यात यासुहिकोने आईला फोन केला. "आई, एक्याऐंशी झाली. छपरावरचं बर्फ उपसायचं वय आहे का हे? महिनाभर ये इकडे." बाई आल्या, पण येतानाच परतीचं तिकीट काढून आल्या. एक महिना म्हणजे एक महिना. देवघरात नवऱ्याचा फोटो एकटा होता, आणि त्यांचं सरळ म्हणणं होतं, "मला माझ्या घरी मरायचंय, आणि तेही इतक्यात नाही."

सून मिसाओ टॅक्सी चालवायची. दिवसा पांढरे हातमोजे आणि कडक टोपी, संध्याकाळी जेवताना नवऱ्याच्या वरताण साके. कोचीत बायकांच्या पिण्याला कुणी नावं ठेवत नाही, पण किसयोबाई काही कोचीच्या नव्हत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी जेवणाच्या टेबलावर पिशवी उघडून यंत्र सुनेच्या वाटीत बुडवलं.

"एक पूर्णांक चार टक्के! सूनबाई, हे कढण आहे की समुद्र?"

"समुद्र समोरच आहे, आई. तो मोजून झाला की जेवायला या."

यासुहिकोने मान खाली घालून भात गिळला. दोघींच्या मधे पडायचं नाही एवढी अक्कल त्याला लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच आली होती.

स्टेशनवरून घरी येताना बाईंनी रस्त्यात बोटांवर मोजले होते, नऊ दवाखाने. एकही बारका नाही, सगळे चार-पाच मजल्यांचे. त्यांनी सुनेला विचारलं होतं, "इथे एवढी माणसं आजारी पडतात?"

मिसाओ गाडी वळवता वळवता म्हणाली होती, "आधी दवाखाना बांधतात, आई. माणसं मग पडतात. माझं सकाळचं सगळं भाडं त्यांचंच."

विसाव्या दिवशी बाई स्वतःच पडल्या. दाराशी चपला काढायची पायरी असते, तिच्यावरून घसरल्या. घोटा सुजला, बाकी काही नाही. बर्फ लावून पट्टी बांधा, असं त्या ओरडत असतानाच मिसाओने त्यांना उचलून टॅक्सीत घातलं आणि डॉक्टर कुरोइवांच्या दवाखान्यात नेऊन उभं केलं. खरं म्हणजे आडवं केलं.

कुरोइवा डॉक्टर गोल चेहऱ्याचे, हसरे, बोलायला लोण्यासारखे मऊ. माणूस लबाड असता तर बाईंचं काम सोपं झालं असतं, पण तो मनापासून प्रेमळ होता. त्याने नुकताच दवाखान्यावर ऐंशी खाटांचा नवा मजला चढवला होता. रंगाचा वासही अजून गेला नव्हता.

"काही मोडलंय का?" बाईंनी विचारलं.

"छे छे! हाड अगदी पंचविशीतलं."

"मग निघते."

"अहो आजी, एवढी काय गडबड? आलाच आहात तर दोन दिवस देखरेखीखाली राहा. सावकाश."

दोन दिवसांनी सूज उतरली. तेव्हा रक्तदाब बघितला. तो उत्तम निघाला. डॉक्टर काळजीने म्हणाले, "या वयात इतका चांगला म्हणजे कधी बिघडेल सांगता येत नाही." आठवडा गेला. मग छातीचा फोटो काढला, त्यात एक डाग दिसला.

"तो होय!" बाई म्हणाल्या. "तो मला सतराव्या वर्षी पडला, रेशमाच्या गिरणीत असताना. आपोआप भरून आला."

"अरेरे," डॉक्टर कळवळले. "म्हणजे चौसष्ट वर्षं दुर्लक्षच झालं की!"

झालं, आणखी दोन आठवडे. मग डोळे. मग 'एकंदर थकवा', ज्याच्यासाठी हाताला सलाईन लावून बाईंना दिवसभर पडून राहायला सांगितलं, आणि दिवसभर पडून राहिल्यावर त्यांना खरोखरच थकवा आला. परतीच्या तिकिटाची तारीख येऊन गेली. यासुहिको दर रविवारी मोसंबी घेऊन यायचा आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहून म्हणायचा, "डॉक्टरांना कळतं ना, आई." डॉक्टरांच्या तोंडावर 'नको' म्हणायचं त्याच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं. खरं सांगायचं तर बाईंनाही जमेना. गावात त्यांनी सरपंचाच्या बायकोचं लोणचं नाल्यात ओतायला लावलं होतं, पण पांढरा कोट समोर आला की त्याही वाकून "आपली कृपा" म्हणत. मग डॉक्टर गेले की उशीला गुद्दे घालत.

शेजारच्या खाटेवर ताकेमुरा इतोएबाई होती. वय शहाऐंशी, चेहरा सुकलेल्या खारकेसारखा, पाय धडधाकट. सहा वर्षांपूर्वी साध्या खोकल्यावर दवाखान्यात आली होती. खोकला पाच दिवसांत गेला, ती मात्र राहिली.

"सहा वर्षं याच खाटेवर?" बाईंनी डोळे फाडून विचारलं.

"छे हो. तीन महिने झाले की सरकार दवाखान्याला पैसे कमी देतं. मग इथून त्या पुलाजवळच्यात, तिथून टेकडीवरच्यात, आणि फिरून इथे. पुलाजवळच्यात मासा बरा मिळतो. टेकडीवर भात कच्चा असतो." इतोएबाई हे अशा थाटात सांगत होती, जशी दुसरी एखादी लेकींच्या सासरची वर्णनं करील. तिचं सगळं सामान एका कापडी गाठोड्यात होतं. ते तिने कधी पुरतं सोडलंच नव्हतं.

"अहो, पण तुम्हाला झालंय काय?"

"ते बाई मला कुणी सांगितलं नाही."

त्या दिवशी किसयोबाई पहिल्यांदा घाबरल्या. इथे कुणी बांधून ठेवत नाही, कुणी ओरडत नाही, सगळे गोड बोलतात आणि माणूस सहा वर्षं आडवा पडतो. त्यांना आपल्या घराची इतकी आठवण आली की डोळ्यांतून पाणीच आलं. त्यांनी ते चटकन पुसलं, नाहीतर 'डोळ्यांतून स्राव' म्हणून आणखी एक आठवडा गेला असता.

आणि डोळे पुसता पुसताच त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली.

आजाऱ्याला बघायला येणारा माणूस पाकिटात पैसे घालून आणतो. आजारी माणूस बरा होऊन घरी गेला की त्या प्रत्येकाला परतभेट पाठवायची असते, आणि ती वापरून संपून जाणारीच हवी. म्हणजे आजारही संपला. म्हणून बहुतेक लोक साबण पाठवतात. वर लाल-पांढरी दोरी, आणि तिची गाठ अशी मारायची की सुटता कामा नये, म्हणजे आजार परत यायला नको. साबणाचं खोकं घरी आलं की सगळं गाव समजतं, माणूस बरा झाला. बरं झाल्याचं डॉक्टर सांगतो ते एका कागदावर. जगाला सांगतो तो साबण.

किसयोबाईंच्या उशीखाली अकरा पाकिटं होती. यासुहिकोच्या साहेबांचं, खात्यातल्या लोकांचं, शेजाऱ्यांचं. कुणी काय दिलं याची चिठ्ठीही होती. बाई सलाईनची दांडी ढकलत व्हरांड्यातल्या हिरव्या सार्वजनिक फोनपाशी गेल्या आणि शहरातल्या मोठ्या दुकानाच्या भेटवस्तू खात्याला फोन लावला. अकरा घरी अकरा खोकी. शिवाय एक कुरोइवा डॉक्टरांना, एक मोठ्या नर्सबाईंना.

"अभिनंदन, आजी! घरी कधी परतलात?" दुकानातल्या मुलीने विचारलं.

"परतलेच म्हणून समजा," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी भडका उडाला. यासुहिको दुपारच्या सुट्टीत धापा टाकत आला. टायही तिरका.

"आई! काय करून ठेवलंस हे! साहेबांनी सगळ्या खात्यासमोर उभं राहून वाकून अभिनंदन केलं. 'मातोश्री घरी आल्या, फार आनंद झाला.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी काय म्हणू? अजून खाटेवरच आहे म्हणू?"

"म्हणू नकोस. मला घरी ने, म्हणजे खोटं बोलायला नको."

"पण डॉक्टर..."

डॉक्टर दारातच उभे होते. हातात खोकं. त्यांनी गाठ नीट निरखून बघितली होती. न सुटणारीच होती.

"आजी, हे जरा लवकर नाही झालं?"

किसयोबाई खाटेवर उठून बसल्या आणि कपाळ चादरीला टेकेपर्यंत वाकल्या. "चुकलंच माझं, डॉक्टरसाहेब. म्हातारीची अक्कल ती. पण आता परत कसा मागू? लोकांनी आंघोळीला घेतला असेल. आणि आत प्रत्येकाला चिठ्ठी घातलीय मी. कुरोइवा डॉक्टरांच्या हातगुणाने ठणठणीत झाले, असा डॉक्टर सगळ्या देशात नाही, असं लिहिलंय."

डॉक्टरांनी खोकं या हातातून त्या हातात घेतलं. आजी बऱ्या झाल्या नाहीत असं म्हणावं तर आपला हातगुण गेला. बऱ्या झाल्या म्हणावं तर खाट गेली. शेवटी ते हसले. तेही मनापासून हसले, हे मला मुद्दाम सांगायला हवं. "सोमवारी घरी जा," ते म्हणाले. "सावकाश."

इतोएबाईने हे सगळं पांघरुणाच्या कडेवरून बघितलं. सगळे गेल्यावर ती हळूच म्हणाली, "किसयोबाई, माझ्या नावाने पाठवाल का हो? दोनच घरी. एक मुलाला, एक ओसाकाच्या माझ्या धाकट्या भावाला."

तिचा मुलगा तोकुजी दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर राहायचा. कौलांचं दुकान होतं त्याचं, वरचा मजला रिकामा. किसयोबाईंना हुरूपच आला. एक किल्ला सर झाला होता, आता दुसरा. दोन खोकी रवाना झाली.

मुलाच्या घरी खोकं कुणी उघडलंच नाही, दाराशी तसंच पडून राहिलं. ओसाकाला मात्र उघडलं. म्हणजे उघडायच्या आधीच भावाने खोक्यावरचं बहिणीचं नाव वाचलं, दुकानाचं नाव वाचलं आणि तो मटकन खाली बसला. सहा वर्षांत बहिणीबद्दल कुणी एक अक्षर कळवलं नव्हतं. आता कळवलं म्हणजे काय ते समजलंच. दोरी लाल आहे की काळी हे बघायचं भान त्याला कुठलं? परतभेट तर मयताच्या घरूनही येते, काळ्या दोरीची, अंत्यविधीला धूपाचे म्हणून पैसे दिलेल्यांना. त्याने तडक भाच्याला फोन लावला.

"नालायका! माझ्या बहिणीला परस्पर जाळलीस? मला एका शब्दाने कळवलं नाहीस? आणि वर मी धूपाचे पैसे दिलेले नसताना परतभेट पाठवतोस? थोबाडीत मारायची ती साबणाने मारलीस होय?"

तोकुजी दुकानाच्या झग्यातच धावत दवाखान्यात आला. त्याला वाटलं, आई गेली आणि दवाखान्याने आपल्याआधी मामाला कळवलं. आई मांडीवर ताट घेऊन भोपळ्याची भाजी खात होती.

"तू... बरी आहेस?"

"हो," इतोएबाई म्हणाली. "तेच कळवलं होतं."

तोकुजी दारातच उभा राहिला. त्याचा चेहरा अगदी लाल झाला होता. किसयोबाई मनात म्हणाल्या, आता नेतोच हा हिला. आता म्हणेल, चल आई, घरी. 

तोकुजी आल्या पावली निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला, या खेपेला चांगला कोट घालून. हातात मोसंब्यांची जाळी आणि एक पाकीट. नवं कोरं पाकीट, आजाऱ्याला बघायला येताना आणतात तसलं. त्याने ते दोन्ही हातांनी आईपुढे धरलं.

"आई, घाई नको करूस हं. सावकाश बरी हो."

इतोएबाईने वाकून पाकीट घेतलं आणि गादीखाली सरकवलं. मग ती कूस बदलून झोपली. किसयोबाईंना तोकुजीच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्या खाटेवरून अर्ध्या उतरल्यासुद्धा, पण तोकुजीने त्यांनाही इतकं खाली वाकून वंदन केलं की कान हाताला येईना.

सोमवारी मिसाओ टॅक्सी घेऊन आली. यासुहिकोला रजा नव्हती. स्टेशनपर्यंत बाईंचं तोंड थांबलं नाही.

"लाज कशी नाही वाटत या लोकांना! आईला खाटेवर ठेवून वर पाकीट आणतोय. आणि ती सून कुठे मेलीय त्याची? सहा वर्षांत एकदा फिरकली नाही. आमच्याकडे असं घडलं असतं ना, तर आळीने वाळीत टाकलं असतं."

"ती शाळेच्या स्वयंपाकघरात आहे," मिसाओ म्हणाली. "पाचशे पोरांचं जेवण करते. पहाटे मीच सोडते तिला."

"म्हणून काय झालं? आमच्याकडे म्हातारं माणूस घरी असतं. डॉक्टर घरी येतो, नर्स घरी येते. म्हणून आमचा खर्च सगळ्या देशात कमी. तुमच्यासारखा सरकारचा पैसा उधळत नाही आम्ही."

लाल दिवा लागला. मिसाओने गाडी थांबवली आणि आरशातून मागे बघितलं.

"आई, बाबा किती वर्षं अंथरुणावर होते?"

"सात."

"डॉक्टर किती वेळा यायचे?"

"पंधरा दिवसांनी. न चुकता."

"आणि मधले चौदा दिवस कोण करायचं?"

"मी. दुसरं कोण करणार?"

"रात्री किती वेळा उठायचात?"

"तीनदा, चारदा. कधी जास्त."

"काही मिळायचं त्याचं?"

"डोकं फिरलं का तुझं? नवऱ्याचं करायला पगार घेऊ?"

"मग तुमचा प्रांत स्वस्त नाही, आई," मिसाओ म्हणाली. "तुम्ही फुकट होतात."

दिवा हिरवा झाला. बाईंनी पिशवी मांडीवर ओढली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. पस्तीस वर्षं ज्यांनी अख्ख्या आळीला सुनावलं त्यांना एका टॅक्सीवालीने गप्प बसवलं होतं. स्टेशनवर नवं तिकीट त्यांनी स्वतःच काढलं. मिसाओने त्यांची पिशवी डब्यात नेऊन ठेवली, डब्याच्या खिडकीपाशी टोपी काढून वाकली आणि पुढच्या भाड्याला गेली.

समुद्रावरचा पूल गेला, मोठी गाडी गेली, मग डोंगरातली छोटी गाडी आली. बाई मनातल्या मनात सुनेशी भांडत होत्या. सात वर्षं! नवरा गेला त्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, मोमोसेंच्या घरासारखं घर नाही, पाठीला एक व्रण नाही पडू दिला. सरपंचांनी प्रशस्तिपत्रक दिलं होतं. ते घ्यायला त्या उठल्या तेव्हा किमोनोचा पट्टा कमरेवरून घसरला होता, कारण त्या सात वर्षांत त्या नुसता सांगाडा झाल्या होत्या. तेव्हा त्यांना ते भूषण वाटलं होतं. आता नागोयाच्या पुढे कुठेतरी त्यांना एकदम रडूच फुटलं, आणि समोरच्या प्रवाशाने घाईघाईने वर्तमानपत्र उघडलं.

घरी आल्यावर मात्र जीव भांड्यात पडला. बर्फ वितळलं होतं, नवऱ्याचा फोटो जागेवर होता, पाणी घशाला गार लागत होतं. बाईंनी फोटोपुढे सफरचंद ठेवलं आणि म्हणाल्या, "आले बाई सुटून." दोन महिने झकास गेले. दवाखान्यात पडून पडून पायातली ताकद गेली होती ती काही पुरती परत येईना, एवढंच. विहिरीपाशी दोनदा बसकण मारली. गावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि आनंदाने सांगितलं, "दवाखान्याचं नावही काढायचं नाही. घरीच बघू आपण. नर्सला पाठवतो, कागद भरून घेईल."

ओगिहारा नावाची तरुण नर्स आली. गुडघे टेकून बसली, चहा घेतला, कागद काढला. नाव, वय, आजार, औषधं. सगळं भराभर झालं. मग तिने विचारलं, "घरी करणारं माणूस?"

हा प्रश्न किसयोबाईंनी स्वतः किती घरी विचारला होता! आणि उत्तराची वाट कधी बघितली नव्हती. 'सून' असं लिहून टाकायच्या. एक सून होती पलीकडच्या गल्लीतली, घड्याळाच्या कारखान्यात मुकादम व्हायची होती. ती म्हणाली होती, मला नोकरी आहे. बाई म्हणाल्या होत्या, सोड नोकरी, सासरा काय दोनदा मरणार आहे? तिने सोडली. सासरा नऊ वर्षं जगला. अजूनही ती रस्त्यात भेटली की अदबीने वाकते आणि डोळे वर करत नाही. आजवर बाईंना वाटायचं, आदराने.

"आजी? घरी करणारं माणूस?"

"मी एकटीच आहे की."

"कोचीच्या सूनबाईंचं नाव घालू? सगळे तसंच घालतात. महिन्यातले थोडे दिवस आल्या तरी चालतं."

"तिला टॅक्सी चालवायची असते."

"मग कोरं राहील," ओगिहारा अवघडून म्हणाली. "कोरं राहिलं तर डॉक्टर-नर्सचं घरी येणं मंजूर होत नाही, आजी. एकट्या माणसाला घरी नाही ठेवत. शहरातल्या दवाखान्यात खाट बघावी लागेल."

"बरं. मग खाट बघ."

"तीच तर पंचाईत आहे. आपल्याकडे खाटा कुठे आहेत तेवढ्या? आठ-नऊ महिन्यांची रांग आहे."

"आणि तोवर?"

"तोवर..." पोरीने कागदाकडे बघितलं. तिने हे पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं असावं. "तोवर सून बघते, आजी."

किसयोबाई हसल्या. मोठ्याने, खोकला लागेपर्यंत हसल्या. ओगिहारा घाबरून पाणी आणायला उठली तशी त्यांनी तिला हाताला धरून खाली बसवलं.

"लिही, कोणी नाही."

"आजी, असं लिहिलं तर वरून कागद परत येतो. तुम्हाला घरी राहायचंय ना? एक नाव घातलं की झालं. त्यांना कळणारही नाही."

"राहायचंय तर. दुसरं काही नकोच आहे मला."

"मग?"

पोरगी पेन धरून तशीच बसली होती. किसयोबाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं, जवळचा चष्मा लावला, आणि त्या रकान्यात स्वतःच्या हाताने, ठळक अक्षरात लिहिलं: कोणी नाही.